वैशाख पौर्णिमा वाडीत कशी पाळायची?

जय भीम, ताई.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुंबईत वाढलात, सासर संगमेश्वर तालुक्यात. यंदा वैशाख पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्ध जयंतीच्या, कार्यक्रमाची जबाबदारी वाडीने तुमच्या घरावर टाकली आहे. सासूबाई म्हणतात, संध्याकाळी वंदना, मेणबत्त्या आणि खीर झाली की झालं, आजवर असंच चालत आलंय. मे महिन्याच्या सुट्टीला आलेल्या पोरांना डीजे लावून मिरवणूक काढायची आहे. तुमच्या वाचनात आलं की या दिवशी अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेऊन उपोसथ, म्हणजे शील पाळण्याचा दिवस, धरायचा असतो. आणि मूर्तीपुढे खीर ठेवणं, दिवे लावणं म्हणजे सोडून दिलेल्या जुन्या पद्धतीकडेच परत जाणं तर नाही ना, अशीही शंका तुमच्या मनात आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं बौद्धाचार्य म्हणून काम करतोय. मंगल परिणय, नामकरण, जलदान-पुण्यानुमोदन, वर्षावासातलं वाचन, सगळं करतो. तुम्ही विचारलेले हे चारही प्रश्न मला वाडीवाडीत भेटतात आणि बहुतेक ठिकाणी त्यावरून बैठकीत आवाज चढतात. माझ्या मते यातला खरा प्रश्न एकच आहे. या दिवसात मुख्य काय आणि सोबतीचं काय? ते एकदा ठरलं की खीर, मेणबत्ती आणि मिरवणूक यांची जागा ठरवायला फार वेळ लागत नाही.

मुख्य काय ते आधी पाहू. सिद्धार्थाचा लुंबिनीत जन्म, उरुवेलेला, म्हणजे आजच्या बुद्धगयेला, संबोधी आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुसिनाराला महापरिनिर्वाण, या तिन्ही गोष्टी वैशाख पौर्णिमेला झाल्या असं थेरवाद परंपरा मानते. श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत हीच परंपरा आहे आणि आपणही तीच स्वीकारली. वाडीतली शिकलेली पोरं हमखास विचारतात, तिन्ही एकाच दिवशी कसं शक्य आहे? त्यांना दटावू नका. जपानमध्ये हेच तीन दिवस वेगवेगळे पाळतात : जन्म 8 एप्रिलला, संबोधी 8 डिसेंबरला, परिनिर्वाण 15 फेब्रुवारीला. म्हणजे तारखेबद्दल बौद्ध जगात सगळ्यांचं एकमत नाही आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही. तीन घटना एका दिवशी आठवण्याचा उपयोग असा की नुसता वाढदिवस साजरा करून आपल्याला थांबता येत नाही. त्याच दिवशी त्यांच्या मृत्यूबद्दलही बोलावं लागतं आणि मधल्या पंचेचाळीस वर्षांच्या पायी चालण्याबद्दलही.

मी प्रवचनात दरवर्षी महापरिनिब्बान सुत्तातला, म्हणजे बुद्धांच्या शेवटच्या दिवसांच्या वर्णनातला, एक प्रसंग सांगतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कुसिनाराला मल्लांच्या शालवनात दोन शालवृक्षांच्या मध्ये भगवान पहुडले होते. ऋतू नसताना ती झाडं फुलली आणि फुलं त्यांच्या अंगावर पडू लागली. तेव्हा त्यांनी आपला शिष्य आनंद याला सांगितलं की तथागताचा, म्हणजे बुद्धाचा, सन्मान अशाने होत नाही. जो भिक्खू, जी भिक्खुणी, जो उपासक, जी उपासिका धम्माप्रमाणे वागते, तीच तथागताची सगळ्यात मोठी पूजा करते. या वाक्यात त्यांनी उपासक-उपासिकांची नावं मुद्दाम घेतली आहेत. म्हणजे हे तुमच्यामाझ्यासाठीही आहे, चीवरधारी भिक्खूंपुरतं नाही.

शेवटची रात्र पुढेही वाचण्यासारखी आहे. ज्याच्या घरचं शेवटचं जेवण बाधलं त्या चुंद लोहाराला पुढे कुणी दोष देऊ नये, त्याला स्वतःलाही पश्चात्ताप होऊ नये, म्हणून काय सांगायचं ते भगवानांनी आनंदाजवळ सांगून ठेवलं. सुभद्द नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, भेटायला आला. आनंद त्याला परत पाठवत होता, पण भगवानांनी त्याला जवळ बोलावून त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मृत्यू काही तासांवर असलेला माणूस लोहाराच्या मनाची काळजी करतो आणि परक्याच्या शंकेला वेळ देतो. खिरीचा टोप लहान पडला म्हणून दोन घरांत अबोला धरण्याआधी हा भाग वाडीत एकदा मोठ्याने वाचावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे या दिवसाचं मुख्य अंग शील आहे. एक दिवस, एक रात्र, शील नेहमीपेक्षा जरा घट्ट धरायचं. बाकी सगळ्या गोष्टींनी त्याला आधार दिला तर त्या ठेवायच्या, अडथळा आणला तर बाजूला करायच्या.

आता उपोसथाबद्दल. ही प्रथा मगधाच्या बिंबिसार राजाच्या सूचनेवरून सुरू झाली असं विनयात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, आहे. इतर पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेला एकत्र जमून धम्म सांगत आणि लोक ऐकायला जात. ते पाहून राजाने भगवानांना सुचवलं की आपल्या संघानेही असं जमावं. म्हणजे उपोसथ मुळातच एकत्र येऊन ऐकण्याचा दिवस आहे. पंचशीलात आणखी तीन शिक्षापदं, म्हणजे पाळायचे नियम, मिळवली की अष्टशील होतं. मध्यान्हानंतर जेवायचं नाही. नाच-गाणं-वाजवणं, हारतुरे, अत्तरं आणि दागदागिने यांपासून दूर राहायचं. उंच, आरामाच्या बिछान्यावर झोपायचं नाही. शिवाय पंचशीलातल्या तिसऱ्या शिक्षापदाच्या जागी त्या दिवसापुरतं पूर्ण ब्रह्मचर्य येतं.

ऐकायला कठीण वाटतं, पण कोकणात मे महिन्यात हे पाळणं फारसं अवघड नाही. उकाड्याने संध्याकाळी भूक तशीही मंदावलेली असते. जमिनीवर चटई टाकून आपण एरवीही झोपतोच. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा असं धरायची गरज नाही, सूर्य माथ्यावर येतो तो क्षण. आपल्या रेखांशावर मे महिन्यात तो साडेबाराच्या सुमारास येतो. सव्वाबारापर्यंत पानावरून उठलात की झालं. त्यानंतर पाणी हवं तेवढं प्या. फळांचा गाळलेला रसही चालतो. विनयात भगवानांनी आठ पेयांना परवानगी दिली आहे आणि त्या यादीत पहिलंच नाव आंब्याच्या रसाचं आहे. म्हणजे तुमच्या अंगणातल्या रायवळचा पातळ, गाळलेला रस किंवा कोकमाचं सरबत घ्यायला काही हरकत नाही. वाटीभर घट्ट आमरस मात्र जेवणात धरावा.

पण हे सगळ्यांसाठी नाही. मधुमेहाची गोळी घेणारे, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, दिवसभर चिरेखाणीत राबलेले, लहान मुलं, यांनी जेवण सोडू नये. पंचशील त्यांना पुरे. वाडीत ज्यांना जमेल त्यांनीच अष्टशील घ्यावं आणि न घेणाऱ्यांकडे तिरक्या नजरेने पाहू नये. एखाद्या म्हातारीने नाइलाजाने रात्री भाकरी खाल्ली तर ती कमी प्रतीची उपासिका ठरत नाही.

विशाखा नावाच्या उपासिकेला भगवानांनी उपोसथाचे प्रकार समजावताना गुराख्याचं उदाहरण दिलं होतं. गुराखी संध्याकाळी गुरं धन्याकडे पोचवतो आणि मनात म्हणतो, आज गुरं इथे चरली, तिथे पाणी प्यायली, उद्या अमुक ठिकाणी न्यायची. तसा एखादा उपोसथ धरतो आणि दिवसभर मनात घोळवतो, आज हे खाल्लं, उद्या ते खाईन. अशा उपोसथाला मोठं फळ नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आपल्या घराघरांत पूर्वी उपवासाला साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, रताळी यांचा बेत व्हायचा तो तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. उपोसथाचं तसं होऊ द्यायचं नाही. जेवण सोडल्याने मोकळा झालेला वेळ वाचनाला, ध्यानाला, आजाऱ्याची विचारपूस करायला लावायचा, त्यासाठीच ते सोडायचं.

याहून महत्त्वाची एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी सांगतो. वंदना चालू असताना पंचशील म्हणायची वेळ येते. पहिली चार शिक्षापदं सगळी वाडी एका सुरात म्हणते. पाचवं येतं, ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं, आणि मागच्या रांगेत, दाराजवळ आणि पडवीत बसलेल्या पुरुषांचा आवाज बारीक होतो. बायांचा आवाज उलट वाढतो. मी समोर बसलेला असतो, मला हे दरवेळी ऐकू येतं. सुट्टीत गावी आलेला माणूस, लग्नसराई, रात्रीची माडावरची बैठक. कारणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा यातून पळवाट नाही.

मी तिथे भाषण देत नाही. वंदना थांबवतो आणि एवढंच म्हणतो की ज्यांना कायमचं म्हणायला आज जड जातंय त्यांनी उद्याच्या सूर्योदयापर्यंत म्हणा, पण मोठ्याने म्हणा. बहुतेक जण म्हणतात. कारण शील हे स्वतःहून स्वीकारायचं शिक्षण आहे, वरून आलेला हुकूम नाही, आणि एका दिवसापुरतं स्वीकारायची सोय उपोसथात मुळातच आहे. एका पौर्णिमेला जमलं तर माणूस पुढच्या पौर्णिमेला स्वतःहून बसतो. सगळे बसत नाहीत, काही बसतात. तुमच्या कार्यक्रमात दुसरं काही नाही जमलं तरी हे करा. यजमान घराने आधीच सांगून ठेवावं की त्या दिवशी आणि त्या रात्री आमच्या अंगणात, मागच्या परड्यात, गाडीत, कुठेही बाटली उघडणार नाही. हे कुटुंबातल्या पुरुषाने सांगितलं तर जास्त लागू पडतं. तुमच्या यजमानांना पुढे करा.

आता खीर. सासूबाईंचं चुकत नाही. सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेची आठवण म्हणून खीरदान करायची चाल आपल्याकडे घट्ट रुजली आहे आणि ती सुंदर आहे. फक्त वेळ बदला. खीर सकाळी करा.

याला दोन कारणं आहेत. सुजातेने पायस दिली ती सकाळी, संबोधीच्या रात्रीच्या आधी. देहदंडाने हाडांचा सापळा झालेल्या माणसाने अन्न घेतलं, अंगात बळ आलं, मग तो पिंपळाखाली बसला. त्या क्रमाला अर्थ आहे. दुसरं कारण व्यवहाराचं. संध्याकाळी वंदनेनंतर खीर वाटली की ज्यांनी अष्टशील घेतलं त्यांना एकतर शील मोडावं लागतं किंवा वाटी परत करून सासूबाईंना दुखवावं लागतं. तुमच्या घरात होणारा वाद निम्मा इथेच मिटेल. सकाळी अकरापर्यंत खीर वाटून झाली की सासूबाईंचीही परंपरा राहते आणि तुमचाही उपोसथ राहतो.

शिवाय आपल्याकडची खीर संध्याकाळपर्यंत टिकतही नाही. तांदळाच्या कण्या दुसऱ्या-तिसऱ्या रसात मऊ शिजवायच्या, गूळ घालून विरघळू द्यायचा, चुलीवरून उतरवायची आणि मग नारळाचा पहिला रस, वेलची, चिमूटभर मीठ. पहिला रस घातल्यावर उकळी आली तर फाटते. मे महिन्याच्या उष्म्यात नारळाच्या रसाची खीर दुपारनंतर आंबू लागते. वाडीभर वाटायची असेल तर पहाटे चूल पेटवा. गायी-म्हशीच्या दुधाची केली तरी चालेल. पण नारळ घरचा, तांदूळ घरोघरचा मूठमूठ गोळा केलेला, यात प्रत्येक घराचा हात लागतो. ज्या घराने पसाभर तांदूळ दिला ते घर कार्यक्रमाला येतंच.

मूर्तीपुढे खीर ठेवायची का? ठेवायची तर वाटीभर ठेवा, पण भोवती पाणी फिरवून नैवेद्य दाखवल्यासारखं करू नका, आणि बुद्धाने खाल्ल्याशिवाय आपण खायचं नाही असली भीती मुलांच्या मनात घालू नका. तथागत काही खात नाहीत, मागत नाहीत, रागावत नाहीत. सुजातेची कथाच पाहा. जातकाच्या निदानकथेत ती खीर तिने वृक्षदेवतेचा नवस फेडायला केली होती. वडाखाली बसलेल्या सिद्धार्थाला पाहून तिला ती देवताच वाटली. देवतेसाठी शिजवलेलं अन्न एका भुकेल्या माणसाच्या पोटात गेलं आणि त्यातून पुढचं सगळं घडलं. म्हणून पहिली वाटी वाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे, दुसरी एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे, असं ठेवा. मुलांच्या हातून पाठवा. खालच्या वाडीतून, शेजारच्या कुणब्यांच्या, भंडाऱ्यांच्या घरातून कुणी येत असेल तर आग्रहाने द्या. तुमच्या गावचे संबंध कसे आहेत हे तुम्हालाच माहीत. जिथे बोलावणं अवघड आहे तिथे जबरदस्ती नको, पण दार बंद ठेवू नका.

फुलं, मेणबत्ती आणि अगरबत्ती जुन्या पद्धतीची वाटतात, ही तुमची शंका रास्त आहे. मी ती अशी तपासतो : हे करताना तोंडाने आपण काय म्हणतो? पुष्पपूजेच्या गाथेत शेवटी येतं, ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’. हे फूल जसं कोमेजतं तसा माझा देहही नाशाकडे जातो. यात मागणं काहीच नाही. सकाळी वाहिलेला मोगरा आणि सोनचाफा दुपारी चारला तपकिरी पडतो. तो लगेच उचलून टाकू नका, संध्याकाळच्या वंदनेपर्यंत तसाच ठेवा आणि मुलांना दाखवून या गाथेचा अर्थ सांगा. अर्थ कळला की ती पूजा शिकवण होते. अर्थ न सांगता नुसती फुलं वाहिली, वर नवस बोलला, कौल लावल्यासारखं काही मागितलं, तर मग तुमची भीती खरी ठरते. बावीस प्रतिज्ञा आणि पुष्पपूजा यांत विरोध नाही. विरोध येतो तो मागण्यात आणि भीतीत.

दिव्यांना संध्याकाळ योग्य. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, म्हणजे आपल्याकडे सातच्या आसपास. तेव्हा दिवे लावा. खाडीवरून वर येणारा खारा वारा मेणबत्त्या टिकू देत नाही, म्हणून करवंट्यांत मूठभर वाळू घालून त्यात मेणबत्ती रोवा. करवंटीच्या कडेचा आडोसा मिळतो आणि मेण जमिनीवर सांडत नाही. गवताच्या उडवीजवळ, गोठ्याजवळ दिवे नकोत. आणि कागदी आकाशकंदील आकाशात सोडायचं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. मे महिन्यात सड्यावरचं गवत आणि काजूची पानं कडक वाळलेली असतात, एका ठिणगीने कुणाची तरी बाग जाईल. पंचशील ध्वज सकाळी लावा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हा क्रम उलटा होत नाही ना ते पाहा, काठीला निळा पट्टा येतो. 1885 साली श्रीलंकेत हा ध्वज पहिल्यांदा उभारला तोही वैशाख पौर्णिमेलाच.

दिवे लागल्यावर पाली परंपरेतली संबोधीची रात्र सांगता येते, तीन प्रहरांची. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये ती वेगळ्या तऱ्हेने मांडली आहे. सिद्धार्थाने चाळीस दिवस पुरेल इतकं अन्न जमवलं आणि चार आठवडे ध्यान केलं. जगात दुःख आहे, आणि ते नाहीसं कसं करायचं, या दोन प्रश्नांचं उत्तर चौथ्या आठवड्याच्या शेवटच्या रात्री मिळालं. मी तो भाग वाचून दाखवतो. शाळकरी मुलांना तो लगेच पटतो, कारण त्यात चमत्कार नाही, सलग मेहनत आहे. तुमच्याकडे ज्या मुलाचं किंवा मुलीचं वाचन स्पष्ट असेल तिच्याकडून वाचून घ्या. वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, बाया दिवसभर राबलेल्या असतात.

मिरवणुकीबद्दल पोरांशी भांडून उपयोग नाही, त्यांना काम द्या. माझं मत स्पष्ट आहे, या दिवशी डीजे नको. 14 एप्रिलचा जोश वेगळा, या दिवसाची जात वेगळी. ज्यांनी अष्टशील घेतलं त्यांचं सातवं शिक्षापदच नाचगाण्यापासून दूर राहण्याचं आहे, आणि बाकीच्यांना गाणं वर्ज्य नसलं तरी भिंती हादरवणाऱ्या आवाजात कुणाला ध्यान करता येणार? शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. मिरवणूक मात्र काढा, सकाळी उन्हाच्या आधी, पांढऱ्या कपड्यांत, ध्वज घेऊन, बुद्धवंदना म्हणत विहारापर्यंत. संध्याकाळी वंदना संपल्यावर ढोलकी-पेटीवर बुद्ध-भीमगीतं गाणारं मंडळ असेल तर जरूर बसवा. आपल्या कोकणातल्या शाहिरांनी जलशांतून धम्म घरोघर पोचवला आहे, त्या परंपरेला दूर लोटण्याचं काहीच कारण नाही. अष्टशील घेतलेल्यांनी तेवढा वेळ आत बसून मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, म्हणावं.

पोरांना हेही सांगा की 24 मे 1956 च्या बुद्ध जयंतीला मुंबईत परळच्या नरे पार्कवरून बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरात धम्म स्वीकारणार असल्याचं जाहीर केलं. परळ-लालबागच्या गिरण्यांत तेव्हा कोकणातली माणसं भरलेली होती, आणि बाबासाहेबांचं मूळ गावही आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. तुमच्या वाडीतलं एखादं जुनं माणूस त्या काळी मुंबईत असेल. त्याला पाच मिनिटं बोलायला लावा. डीजेपेक्षा पोरं ते लक्षात ठेवतील.

डीजेचे वाचलेले पैसे दानात घाला. कशात घालायचे ते गावावर अवलंबून आहे : विहिरीचा गाळ काढायचा असेल तर त्यात, जूनमध्ये लागणाऱ्या मुलांच्या वह्या-पुस्तकांत, विहाराच्या कौलांत. दान मोठं असावं लागत नाही. रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाजवळच्या कुडा लेण्यांतले शिलालेख पाहा. तिथे माळी, वैद्य, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी अशा साध्या उपासकांनी दिलेल्या दानाची नोंद जवळजवळ दोन हजार वर्षं दगडात आहे. पौर्णिमेनंतरच्या रविवारी मुलांना घेऊन दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीला किंवा महाडच्या गांधारपाले लेण्यांना जाऊन या. आपण कुठून तरी नवा धर्म आणला असं मुलांना वाटत असतं. या किनाऱ्यावर तो किती जुना आहे हे डोळ्यांनी पाहिलं की वाटणं बदलतं.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, चाकरमानी सगळे शनिवार-रविवारीच येतात तर कार्यक्रम पुढे ढकलावा का. पौर्णिमा कधी 12 मेला येते, जशी 2025 साली आली, कधी 23 मेला, जशी 2024 साली. आठवड्यातला वार काही आपल्या हातात नाही. माझा सल्ला असा की जाहीर कार्यक्रम, जेवण, गाणी हे रविवारी करायला हरकत नाही, पण शील आणि वंदना पौर्णिमेलाच, चार घरं जमली तरी. जगभर त्याच दिवशी माणसं बसलेली असतात. घरातलं मासळी-मटणही त्या दिवशी टाळलेलं बरं, निदान दारात जीव मारला जाऊ नये. यावरून पाहुण्याशी वाद घालू नका.

राहता राहिलं, वंदना कुणी घ्यायची. पौर्णिमेला आम्ही बौद्धाचार्य कमी पडतो, एका दिवशी चार-चार वाड्यांतून बोलावणं असतं. कुणी नाही मिळालं म्हणून कार्यक्रम रद्द करू नका. भन्तेजी, म्हणजे भिक्खू, असतील तर शील त्यांच्याकडून याचना करून घ्यायचं, नसतील तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ते तितकंच खरं आहे. क्रम साधा आहे : त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा, त्रिरत्न वंदना, महामंगल सुत्त, मेत्त सुत्त, शेवटी धम्मपालन गाथा. तुमच्या सासूबाईंना बुद्धपूजा तोंडपाठ असणार, त्यांच्या पिढीतल्या बायांना असतेच. त्यांनाच पुढे बसवा आणि सगळ्यांनी त्यांच्या मागून म्हणा. अष्टशील घेणाऱ्यांनी मात्र सकाळी उजाडतानाच विहारात किंवा घरी मूर्तीसमोर बसून ते घ्यावं, संध्याकाळच्या कार्यक्रमाची वाट पाहू नये. ते सोडण्याचा निराळा विधी नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर पुन्हा पंचशील म्हणायचं आणि चहा घ्यायचा.